शैलजाताईंनी दिलेला शब्द

शैलजाताईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या एका कुत्र्यावर ओरडत होत्या, आणि तेही मराठीत.

जॉन्सनव्हिलला आमच्या घरामागं एक मैदान आहे. शनिवारी सकाळी डेअरीतून दूध घेऊन मी तिथून येत होते. वेलिंग्टनचा नेहमीचा वारा सुटलेला. मैदानाच्या मधोमध एक बुटकी, सावळी बाई कमरेवर हात ठेवून उभी होती. अंगात नवऱ्याचा असावा असा ढगळ रेनकोट, केसांचा घट्ट अंबाडा. समोर वासराएवढा काळा कुत्रा पुढचे दोन्ही पाय एका पांढऱ्या चेंडूवर ठेवून गुरगुरत होता.

"सोड! सोड म्हणतो ना तुला!"

कुत्र्यानं एकदा तिच्याकडे पाहिलं, शेपूट खाली घातलं आणि चेंडूवरून बाजूला झाला. त्याचा मालक लांबून "सॉरी, सॉरी" करत धावत येत होता. मला हसू आवरेना. त्यांनी वळून पाहिलं.

"मराठी हाय व्हय तू?" त्या म्हणाल्या. "मग हसतीस काय? जरा उभी राहा तिथं. मी चेंडू मारतो, तू फक्त परत टाक."

दुधाची बाटली गवतावर ठेवून मी अर्धा तास चेंडू परत टाकत राहिले. माझं शैलजाताईंशी जे नातं होतं ते पुढची चार-पाच वर्षं साधारण असंच राहिलं. त्या खेळायच्या, मी कडेला उभी राहायचे.

शैलजाताई गडहिंग्लजच्या. तिकडच्या बायकांसारखं त्या 'मी आलो, मी गेलो' म्हणायच्या. मी पुण्याची, सुरुवातीला मला ते गंमतीचं वाटायचं. नंतर इतकं अंगवळणी पडलं की एकदा आईला फोनवर "मी जेवलो" म्हणून गेले आणि आईनं काळजीनं विचारलं, "बरी आहेस ना गं?"

गावी त्या चौदा वर्षं शाळेत पी.टी.च्या बाई होत्या. मुलींचा खो-खोचा संघ त्यांनी उभा केला होता. नवऱ्याला इथं आय.टी.त नोकरी लागली म्हणून त्या आल्या. इथल्या शाळेत शिकवायचं तर परीक्षा, कागदपत्रं, नोंदणी असं बरंच काही होतं. ते होईस्तोवर रिकामं कशाला बसायचं म्हणून त्या एका वृद्धाश्रमात केअरगिव्हर झाल्या. म्हाताऱ्यांना उठवणं, आंघोळ घालणं, भरवणं. त्याबद्दल त्यांनी कधी कुरकुर केली नाही आणि थोरपणाही मिरवला नाही. कुणी फारच हळहळलं तर म्हणायच्या, "चौदा वर्षं पोरींची ढोपरं धुतली, आता म्हाताऱ्यांची पाठ धुतो. पाणी तेच की."

गेलिक फुटबॉल हा आयर्लंडचा खेळ त्यांना त्या वृद्धाश्रमातच भेटला.

तिथं मिसेस डोलन नावाच्या आयरिश आजी होत्या. वय पंच्याऐंशीच्या पुढं, जीभ तिखट. आंघोळीनंतर त्या टॅबलेटवर आयर्लंडमधले सामने लावून बसत. ताई केस विंचरता विंचरता बघायच्या. पंधरा दिवसांत त्यांना खेळ कळला. मलाही त्यांनीच समजावला.

"बघ, चेंडू हातात घेऊन पळायचं. पण चार पावलंच. मग एकदा जमिनीवर आपटायचा, नाहीतर पायाच्या बोटांवर टाकून वर उडवून परत हातात घ्यायचा. खांब रग्बीसारखे. आडव्या दांडीच्या वरनं गेला तर एक गुण, खालनं जाळीत गेला तर गोल, म्हणजे तीन गुण. लई सोपंय. अंगात दम पाहिजे नुसता."

एक दिवस टॅबलेटवर कुणीतरी झेल सोडला आणि ताईंच्या तोंडून अस्सल गावाकडचा उद्गार निघाला. मिसेस डोलनना शब्द कळला नाही, अर्थ बरोब्बर कळला. त्यांची नात नीव्ह वेलिंग्टनमध्येच नर्स होती आणि इथल्या आयरिश मुलींच्या संघाची कप्तान होती. आजीनं तिला निरोप दिला, "इथं एक बाई आहे, तिला खेळ कळतो. घेऊन जा."

शैलजाताई तेव्हा त्रेचाळीस वर्षांच्या होत्या. संघातल्या बाकीच्या मुली पंचविशीच्या आगेमागे. नर्स, शिक्षिका, एक सुतारकाम करणारी. बहुतेक जणी दोन वर्षांच्या व्हिसावर आलेल्या. पहिल्या मंगळवारी सरावाला ताईंना गाडीनं मीच घेऊन गेले, कारण त्यांना अजून लायसन्स मिळालं नव्हतं. त्या पोरींनी अगदी सभ्यपणे, वयाचा मान राखून त्यांना गोल राखायला उभं केलं.

पहिला चेंडू ताईंच्या डाव्या बाजूनं जाळीत गेला. दुसराही. त्यांनी रेनकोट काढून माझ्याकडे फेकला, दोन्ही हातांना माती चोळली आणि वाकून उभ्या राहिल्या. तिसऱ्या चेंडूला त्यांनी सूर मारला. खो-खोत खांबाजवळच्या गड्याला बाद करायला मारतात तसा, पूर्ण आडवा, हात लांब. बोटांच्या टोकांना लागून चेंडू खांबाबाहेर गेला. ताई चिखलात छातीवर घसरत दोन हात पुढं गेल्या. मग नीव्ह म्हणाली, "मंगळवारी आणि गुरुवारी, सहा वाजता. उशीर करू नकोस."

"मी कधी उशीर करत नाही," ताई म्हणाल्या. आणि खरंच, त्यांनी कधी केला नाही.

गोलातून त्या सतत बोलायच्या. इंग्रजी शब्द आठवेपर्यंत चेंडू पुढं गेलेला असायचा, म्हणून मराठीतच ओरडायच्या: "धर! सोड! डावीकडं! अगं मागं बघ की!" महिन्याभरात बचावातल्या पोरींना ते सगळं कळायला लागलं. मग त्यांच्या ध्यानात आलं की समोरच्या संघाला यातलं काहीच कळत नाही. तेव्हापासून सगळा संघच मराठीत ओरडायला लागला. 'ध' त्यांना म्हणता यायचा नाही. लाल केसांची एक धिप्पाड पोरगी "दर! दर!" करत वाऱ्यात धावताना मी पाहिली आहे. एकदा पंचानं नीव्हला विचारलं, "हे आयरिश आहे का?" नीव्ह गंभीर चेहऱ्यानं म्हणाली, "दक्षिणेकडचं."

घरी मात्र सगळं इतकं गोड नव्हतं. ताईंची मुलगी ऋता तेव्हा चौदाची होती. तिला मराठी कळायचं, उत्तर इंग्रजीत यायचं. ती शाळेच्या नेटबॉल संघात होती, आणि आपली आई गुडघ्याला चिखल लावून आयरिश पोरींमध्ये लोळते हे तिला सहन व्हायचं नाही. एकदा बसस्टॉपवर मैत्रिणीनं मैदानाकडे बोट दाखवून विचारलं तेव्हा ती म्हणाली, "आमच्या कम्युनिटीतली कुणीतरी आहे." ताई कुंपणाच्या अलीकडंच होत्या. त्यांनी ऐकलं. मला हे सांगताना त्या कांदा चिरत होत्या. म्हणाल्या, "खोटं नाही बोलली. कम्युनिटीतलीच हाय की मी." आणि मग आणखी एक कांदा घेतला.

आमच्या भागातली स्पर्धा छोटी. चार संघ, प्रत्येकाशी दोनदा गाठ, मग पहिल्या दोघांची फायनल. हिवाळाभर मैदानं रग्बीची, म्हणून आमचा मोसम उन्हाळ्याचा. नऊ-नऊ जणी खेळायच्या. मी वही घेऊन गुण लिहायला बसायचे, कारण दुसरं काही मला येत नव्हतं. पहिल्या वर्षी आम्ही सगळे सामने हरलो. प्रत्येक सामन्यानंतर ताई सगळ्यांच्या जर्सी घरी न्यायच्या आणि बादलीत हातानं धुवायच्या. "मशीननं नंबर उडतात," हे त्यांचं कारण. मला वाटतं, हरल्यावर हाताला काहीतरी काम लागायचं त्यांना.

दुसऱ्या वर्षी आम्ही फायनलला पोचलो.

समोर हट व्हॅलीचा संघ. त्यांची कप्तान जेस, इथलीच, शेतकऱ्याच्या घरची, उंचनिंच आणि मोकळी. फायनलच्या आठवड्यात आमच्याकडच्या एकीचा व्हिसा संपून ती परत गेली आणि दुसरीचं सरावात खांद्याचं हाड मोडलं. आम्ही आठच उरलो. आठ जणींनी खेळायला बंदी नव्हती, पण आठ विरुद्ध नऊ म्हणजे हरल्यातच जमा. आणि नीव्हसाठी ही शेवटची संधी होती. सामन्यानंतर दहा दिवसांनी तीही कायमची आयर्लंडला जाणार होती. आजीच्या खोलीत कप नेऊन ठेवायचा, एवढं एकच तिच्या डोक्यात होतं.

गुरुवारी ताईंनी कुणाला न विचारता जेसला फोन लावला. मी शेजारी होते. त्यांचं इंग्रजी तोडकं, पण कधी अडायचं नाही.

"वुई आर एट. यू प्ले एट?"

जेस थोडी थांबली, मग इथले लोक 'चालेल' म्हणतात तसं म्हणाली, "स्वीट ॲज. आठ-आठ खेळू. बरोबरीत मजा."

ताईंना एवढ्यावर थांबवेना. म्हणाल्या, "थँक यू. इफ युवर गर्ल हर्ट, वुई ऑल्सो वन लेस. आय प्रॉमिस."

जेस हसली असावी. तिनं ते फार मनावर घेतलं नसणार. पोरींना ताईंनी एवढंच सांगितलं की हटवाल्या आठच जणी खेळवायला तयार आहेत. पोरींनी त्यांना खांद्यावर उचलायचं तेवढं बाकी ठेवलं. शब्दाचा दुसरा अर्धा भाग त्या बोलल्या नाहीत. लपवायचं म्हणून नाही. शब्द तर दिलाय, त्यात आता सांगायचं काय, असं त्यांना वाटलं. मीही गप्प बसले. वेळ येईल असं मला वाटलंच नाही.

फायनलच्या दिवशी ऋता पहिल्यांदाच सामना बघायला आली. माझ्या शेजारी, हुडी डोक्यावर ओढून, फोनमध्ये बघत. पण पूर्वार्ध संपेपर्यंत फोन खिशात गेला होता. ताईंनी त्या अर्ध्या तासात तीन गोल अडवले. वारा पाठीशी होता तेव्हा आम्ही पुढं गेलो आणि उत्तरार्धात वाऱ्याविरुद्ध कशीबशी आघाडी धरून ठेवली. दहा मिनिटं उरली तेव्हा माझ्या वहीत आमचे अकरा गुण होते, त्यांचे नऊ.

तेवढ्यात त्यांची एक पोरगी चेंडू घेऊन आत घुसली. ताईंनी तिच्या पायाशी सूर मारून चेंडू काढला. अगदी स्वच्छ, नियमात बसणारा. पण त्या पोरीचा पाय वाकडा पडला. घोटा बघता बघता सुजला. तिला दोघींनी धरून बाहेर आणलं.

"बदली खेळाडू?" पंचानं विचारलं.

जेसनं नकारार्थी मान हलवली. त्यांची नववी खेळाडू होती, पण आठच खेळणार म्हटल्यावर तिनं त्या दिवशी दुकानातली ड्यूटी घेतली होती. म्हणजे आमच्यामुळंच ती दुकानात, आणि आमच्याच धक्क्यानं ही बाहेर. जेस मात्र काही बोलली नाही. आमच्याकडे बघितलंही नाही. उरलेल्या सहा जणींना हातानं खुणा करत जागा वाटून द्यायला लागली.

ताई उठल्या, हातमोजे काढले आणि चालत नीव्हकडे गेल्या. दोघी कडेजवळच होत्या, मला सगळं ऐकू येत होतं.

"वन लेस," ताई म्हणाल्या. "आपणपण सात. मी शब्द दिलाय."

नीव्हला आधी कळेचना. कळलं तेव्हा तिचा चेहरा लाल झाला. "कुणाला दिलास?"

"जेसला. गुरुवारी."

"आम्हाला विचारलंस?"

"नाही," ताई म्हणाल्या.

"शैलजा, दहा मिनिटं राहिलीत. नियमात असं काही नाही. जा, गोलात उभी राहा."

ताईंनी मान हलवली. हातमोजे नीव्हच्या हातात ठेवले. दुसऱ्या कुणाला बाहेर जा म्हणायचा त्यांना अधिकार नव्हता. स्वतः जायचा होता, किंवा होता असं त्यांना वाटलं. त्या रेषेबाहेर येऊन माझ्याजवळ उभ्या राहिल्या.

ऋता किंचाळली, "आई, व्हॉट आर यू डुइंग? गो बॅक इन!"

एवढ्या लोकांसमोर तिनं त्यांना 'आई' म्हटलं होतं. ताईंनी तिचा हात घट्ट धरला, पण आत गेल्या नाहीत.

नीव्हनं बचावातल्या एका मुलीला गोलात उभं केलं. सात विरुद्ध सात. आमच्या पोरी जीव तोडून खेळल्या. नऊ मिनिटं आघाडी टिकली. शेवटच्या मिनिटाला जेसनं लांबून खालचा, जोरकस फटका मारला. डाव्या कोपऱ्यात. ताई जागच्या जागी वाकल्या, उजवा पाय रेटला गेला, हात अर्धा पुढं आला. मैदानाबाहेर उभ्या असताना. चेंडू जाळीत गेला. बारा-अकरा. मी ते वहीत लिहिलं.

शिट्टीनंतर जेस आली आणि तिनं ताईंचा हात दोन्ही हातांत धरला. आमच्या पोरी कुणी गवतावर बसलेल्या, कुणी पाठ फिरवून. नीव्ह शांतपणे चालत आली. रडत नव्हती.

"ते एकटीनं देऊन टाकायचं तुझं नव्हतं, शैलजा," ती म्हणाली. "ते आम्हा सगळ्यांचं होतं."

"बरोबर आहे," ताई म्हणाल्या.

गाडीत ऋता मागं बसली होती. चढ संपला आणि जॉन्सनव्हिलची दुकानं दिसायला लागली तेव्हा ताई म्हणाल्या, "मी चुकलो का गं, मुग्धा?"

मी पुण्याची. "दोन्ही बाजू आहेत" वगैरे काहीतरी पुटपुटले.

"बाजू नको सांगू. मी सांगतो. शब्द पाळला ते बरोबर. या पोरींना सांगितलं नाही ते चूक. नीव्हचा कप गेला. आता यातलं कुठलं कुठल्यातनं वजा करू?"

मागून ऋता हळूच म्हणाली, "आई, ॲट लीस्ट दॅट कॉर्नर वन, यू वुड हॅव सेव्हड इट."

"व्हय," ताई म्हणाल्या. "अडवला असता."

सोमवारी त्या कामावर गेल्या. मिसेस डोलनना आंघोळ घालायची पाळी त्यांचीच होती. नीव्हनं आजीला काय सांगितलं असेल ते सांगितलं असेल. ताईंनी पाठीवर पाणी घालता घालता पुन्हा सगळं सांगितलं, काही न वगळता. आजींनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तू चुकलीस."

"हो."

"माझी नात घरी रिकाम्या हातानं चाललीय."

"हो."

ताईंनी टॉवेल गुंडाळून त्यांना खुर्चीत बसवलं. त्या निघाल्या तशा आजी पाठीमागून म्हणाल्या, "उद्या तूच ये. दुसऱ्या कुणाला पाठवू नकोस."

हे मला सांगताना मात्र ताईंचा आवाज हलला. मैदानावर हलला नव्हता.

नीव्ह निरोप न घेता गेली. पुढच्या मोसमाला नव्या पोरी आल्या. त्यांना मागचं काही ठाऊक नव्हतं, त्यांनी ताईंना बोलावलं आणि ताई परत गोलात उभ्या राहिल्या. एक फरक पडला. आता कुणाशी काहीही बोलणं झालं की, भले ते मैदानाची वेळ बदलण्याबद्दल का असेना, सराव संपल्यावर त्या सगळ्यांना उभं करायच्या आणि सांगायच्या, "मी असं बोललोय. कुणाला अडचण आहे?" नव्या पोरींना ते विचित्र वाटायचं.

आणि दर महिन्याला त्या नीव्हला ई-मेल करायच्या. ऋता स्पेलिंग तपासून द्यायची. 'आज आजींनी वाटीभर सूप घेतलं. गुडघा दुखतो. टॅबलेटवर तुझ्या गावचा सामना बघितला, पंचाला शिव्या दिल्या.' एवढंच. फायनलबद्दल अवाक्षर नाही. नीव्हकडून उत्तर यायचं एका शब्दाचं, 'थँक्स.' मी एकदा विचारलं, "कशाला लिहिता? ती बोलत तर नाही." ताई म्हणाल्या, "आजी तिची आहे. माझ्याशी न बोलायचा तिला हक्क आहे. आजी कशी आहे हे कळायचापण आहे."

दोन वर्षांनी मिसेस डोलन गेल्या. झोपेतच. सकाळी उठवायला गेलेल्या ताईच होत्या. नीव्ह दोन विमानं बदलून चौथ्या दिवशी पोचली.

अंत्यविधीला ताई मला घेऊन गेल्या. छोटं चर्च, त्यापलीकडं उतारावर दफनभूमी. आम्ही दोघी शेवटच्या बाकावर बसलो. ताईंनी पांढरी साडी नेसली होती, वर काळा कोट. तो कदाचित ऋताचा असावा, बाह्या दुमडलेल्या होत्या. प्रार्थना संपली. सहा जण शवपेटी उचलायला पुढं झाले. सगळे नात्यातले. नीव्ह त्यांच्यात होती. तिनं मागं वळून बाकांकडे पाहिलं, शेवटपर्यंत, आणि मग सरळ चालत आमच्याकडे आली. पुढच्या बाजूला तिच्या जोडीला उभ्या असलेल्या चुलत भावाला तिनं बाजूला व्हायला सांगितलं होतं.

"ये," ती म्हणाली.

ताई उठल्या नाहीत. माझ्याकडे बघून मराठीत म्हणाल्या, "मला नाही जमायचं गं. वडिलांना दिला नाही मी खांदा. आमच्यात बायका देत नाहीत."

नीव्हला शब्द कळले नसतील. तिनं हात पुढं करून ठेवला. तो तसाच राहिला, मागं गेला नाही. शेवटी ताईंनी साडीचा काठ खोचला आणि उठल्या.

त्या लोकांची रीत अशी की शवपेटी खांद्यावर घेतल्यावर दोन बाजूंची जोडी पेटीखालून एकमेकांच्या खांद्यावर हात टाकते आणि पाऊल मिळवून चालते. नीव्ह ताईंपेक्षा वीतभर उंच. पहिल्या दोन पावलांत पेटी नीव्हच्या बाजूला उचलली गेली, ताईंच्या खांद्याला ती टेकतच नव्हती. मग नीव्हनं गुडघे वाकवले. दुसरा हात ताईंच्या मानेमागं घट्ट टाकला आणि तशीच, वाकल्या गुडघ्यांनी, चालायला लागली.

त्यानंतर महिन्याभरात ताईंच्या नवऱ्याची बदली झाली आणि ते सगळे हॅमिल्टनजवळ रोटोटुनाला गेले. फोनवर बोलतो आम्ही. पण डोळ्यांसमोर ताई येतात त्या उतारावरच्याच. मी चर्चच्या दारात उभी होते, बाहेर वारा जोराचा होता, साडीचा पदर उडून पेटीवर पडला होता आणि तो मागं घ्यायला कुणाचाच हात मोकळा नव्हता. दफनभूमीपर्यंत दोनेकशे पावलं असतील. नीव्ह एकदाही सरळ उभी राहिली नाही.